हेमाद्रीचं म्हणणं आणि चंदुपट्लाचा दगड

दिवस पहिला : देवगिरी

"माझे गुडघे इथपर्यंतच," असं म्हणून आत्याने हत्ती हौदाच्या काठावर पिशवी ठेवली आणि बसली. नवरा आणि मी पुढे निघालो. डिसेंबरअखेरची गर्दी होती, शाळांच्या सहली होत्या, आणि अंधारीच्या तोंडाशी पोरं उगाचच किंचाळत होती.

खरं तर आत्याला फक्त धर्माबादला सोडायचं होतं. संभाजीनगरहून सरळ गेलो असतो तर दिवसभरात पोचलो असतो. पण वर्ष संपायच्या आत रजा संपवायच्या होत्या, आणि माझ्या डोक्यात बरेच दिवस एक वाक्य अडकलं होतं. म्हणून मी नकाशावर बोट फिरवून बीदर, वरंगळ, नलगोंडा असा भला मोठा वळसा काढला. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "चला की. तिकडं बोलायला मी हाय." धर्माबादच्या मिरची बाजारात जन्म गेलेल्या बाईला तेलुगू शिकावं लागत नाही.

ते वाक्य हेमाद्रीचं. म्हणजे आपल्या हेमाडपंतांचं. चुना न वापरता रचलेलं जुनं देऊळ दिसलं की आपण "हेमाडपंती" म्हणून मोकळे होतो, पण हा माणूस मुळात यादवांच्या दफ्तराचा मुख्य, श्रीकरणाधिप. महादेव यादव आणि त्याच्यानंतर रामचंद्र, दोघांच्या पदरी होता. त्याने 'चतुर्वर्गचिंतामणि' नावाचा धर्मशास्त्राचा प्रचंड ग्रंथ रचला, आणि त्यातल्या व्रतखंडात आपल्या धन्याच्या घराण्याची प्रशस्ती घातली. तिथे तो म्हणतो, महादेव राजा स्त्री, मूल आणि शरण आलेला यांच्यावर कधी शस्त्र धरत नसे. हे ठाऊक असल्यामुळे घाबरलेल्या आंध्रांनी आपल्या गादीवर बाई बसवली, आणि माळव्याच्या राजाने पोर बसवलं.

गादीवर बसवलेली ती बाई म्हणजे वरंगळच्या काकतीय घराण्याची राणी रुद्रमादेवी. आणखी एका ठिकाणी हेमाद्री सांगतो, की महादेवाने तैलंगाच्या राजाचे हत्ती आणि पाच मंगलवाद्यं हिसकावून आणली, पण रुद्रमेला मात्र स्त्रीहत्या नको म्हणून सोडून दिलं.

किती सोयीचं आहे बघा. वरंगळ घेता आलं नाही हे कबूल करावं लागत नाही, उलट धन्याचं औदार्य ठरतं. आणि बाई गादीवर का होती, याचंही उत्तर मिळतं: हक्क वगैरे काही नाही, ती नुसती ढाल. एका श्लोकात किल्लाही वाचवला आणि राणीही निकालात काढली. दफ्तरात मुरलेल्या माणसालाच हे जमतं.

किल्ल्याबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांनी पाहिलेला असतो. कडा तासून गुळगुळीत केलेला खडक, खंदक, अंधारी, वर बारादरी. डोळ्यात भरतं ते बहुतेक सगळं नंतरच्यांचं. चांद मिनार बहमनींचा. आज भारतमाता मंदिर म्हणतात ती मशीद खिलजींच्या काळातली, तिचे खांब मात्र जुन्या देवळांचे. यादवांचं दृश्य असं थोडंच उरलंय. तरी हे महादेवाचं घर. तो इथे १२६१ ते १२७१ च्या सुमारास राज्य करत होता. त्याच्यामागे मुलगा अम्मण गादीवर बसला, तर पुतण्या रामचंद्राने त्याला पकडून आंधळं केलं आणि गादी घेतली. बाईवर हत्यार न उचलणाऱ्या घराण्यात चुलतभावाचे डोळे मात्र गेले. हेमाद्री दोघांच्याही चाकरीत होता. यावर त्याने काही श्लोक केले असते तर वाचायला आवडले असते.

खाली आलो तर आत्या भुईमुगाच्या शेंगा सोलत एका सहलीच्या बाईंशी गप्पा मारत होती. "काय बघितलंस?" म्हणाली. मी श्लोकाची गोष्ट सांगितली. शेंग फोडता फोडता तिने एकच विचारलं, "मग त्या बाईनं काय म्हणलंय?"

दिवस दुसरा : रस्ता

बीड, अंबाजोगाई, लातूर, उदगीर. दिवसभर गाडीत. उसाच्या ट्रॅक्टरांमागे दोन-दोन ट्रॉल्या, ओव्हरटेक करायचा तर काळजाचं पाणी. अंबाजोगाईला आत्याला योगेश्वरीचं दर्शन हवंच होतं, तेवढा थांबा घेतला. इथे यादवांचा सेनापती खोलेश्वर राहत असे. त्याच्या मुलीने, लक्ष्मीने, लढाईत पडलेल्या भावासाठी देऊळ बांधल्याचा शिलालेख याच गावचा. म्हणजे बाईने दगडावर नाव कोरून घेणं यादवांच्या राज्यात काही नवीन नव्हतं.

संध्याकाळी उदगीरच्या पुढे कन्नड पाट्या सुरू झाल्या. रात्री बीदर.

दिवस तिसरा : बीदर

सकाळी सात वाजता किल्ल्यात. थंडी चांगली होती, आत्या शाल आणि कानटोपीत. दगडात खोदलेला तिहेरी खंदक बघून नवऱ्याचं काम झालं. त्याचा पेशा बांधकामाचा, त्याला राजे-राण्यांपेक्षा पाणी कुठून येतं आणि माती कुठे टाकली हे महत्त्वाचं. हा किल्ला, आज दिसतो तो, अहमदशाह बहमनीने राजधानी गुलबर्ग्याहून इथे हलवली तेव्हाचा, म्हणजे पंधराव्या शतकातला. रुद्रमेच्या काळानंतर दीडशे वर्षांनी.

मी आले होते त्याच्याही आधीच्या एका दगडासाठी. या किल्ल्यात एक तुटका शिलालेख सापडला होता. तो कोरवणारा भैरव, सिंद घराण्यातला, रुद्रमेच्या पदरचा सेनानायक. तो सांगतो, की आपण तिच्या स्वाऱ्यांमध्ये होतो. आणि तिला बिरुद लावतो 'रायगजकेसरी': राजे हेच हत्ती, त्यांच्यावर झेपावणारा सिंह.

आता हे बीदरात सापडावं यातच सगळी गंमत आहे. हा मुलूख यादवांचा. देवगिरीचा राजा जर वरंगळच्या वेशीवरून मोठ्या मनाने परत फिरला होता, तर राणीचा सेनापती यादवांच्या घरात दगड उभा करून काय करत होता? अभ्यासकांनी नेमका हाच प्रश्न विचारला आणि हेमाद्रीचा श्लोक बाजूला ठेवला. नंतरच्या काळातलं तेलुगू 'प्रतापचरित्र' तर याहून पुढे जातं: वेढा मोडून राणीने मराठ्यांचा पार देवगिरीपर्यंत पाठलाग केला आणि महादेवाने एक कोटी सोन्याची नाणी देऊन सुटका करून घेतली. लाखांच्या फौजा, कोटींची खंडणी! हे आकडे मी हेमाद्रीच्या औदार्याच्याच मापाने मोजते. दोन्हीकडच्या भाटांना शून्यं स्वस्त होती. पण बीदरचा दगड भाटाचा नाही. तो लढाईत असलेल्या माणसाचा आहे.

तो दगड आता कुठे ठेवलाय, हे मात्र किल्ल्यात भेटलेल्या कुणालाच सांगता आलं नाही. रखवालदाराने आम्हाला रंगीन महालाकडे पाठवलं, तिथल्याने संग्रहालयाकडे, संग्रहालयात मांडलेल्या दगडांत मला तो ओळखू आला नाही. काळ्या दगडात बसवलेले रंगीन महालातले शिंपले मात्र फारच सुंदर. आत्या तिथून हलेना. "असं एक कपाट असावं," म्हणाली.

दुपारी बीदर सोडलं. झहीराबाद, हैदराबादचा बाहेरचा रिंगरोड, भोनगीरचा तो उपड्या कढईसारखा एकच एक खडक अंधुक उजेडात डाव्या हाताला, आणि रात्री उशिरा वरंगळ. जेवायला जोन्न रोट्टे मिळाली. म्हणजे ज्वारीची भाकरीच. आत्याने वेटरला तेलुगूत काहीतरी सुनावलं, तो हसत आत गेला आणि ठेचलेल्या मिरचीची वाटी घेऊन आला.

दिवस चौथा : वरंगळ

हा दिवस मुख्य, म्हणून इथे रेंगाळणार आहे.

वरंगळ म्हणजे ओरुगल्लू. ओरु कल्लु, एक दगड. किल्ल्याच्या आत खरंच एक एकसंध खडकाची टेकडी उभी आहे, संस्कृतात तिच्यावरून शहराला एकशिलानगरी म्हणायचे. बाहेर मातीचा तट, आत दगडी तट, त्याला ४५ बुरूज, भोवती खंदक. दगडी तटाचं काम रुद्रमेच्या वडिलांनी, गणपतिदेवाने, चालवलं आणि तिने त्याची उंची वाढवली असं सांगतात. आज तटाच्या आत चक्क गाव आहे. वेशीतून रिक्षा जातात, शाळा सुटते, कापूस वाळत पडलेला असतो.

मधोमध स्वयंभू शिवाच्या देवळाची जागा. देऊळ नाही. १३२३ मध्ये दिल्लीच्या उलुघ खानाने, म्हणजे पुढच्या मुहम्मद तुघलकाने, वरंगळ घेतलं, त्यानंतर ते पाडलं गेलं. पण चार दिशांना चार तोरणं तशीच उभी ठेवली. दोन उंच खांब, वर आडवी तुळई, सगळं नक्षीत गुंफलेलं. तेलंगणाच्या राज्यचिन्हावर हेच तोरण आहे. चार तोरणांच्या मधे गवतात फुटके खांब, हत्तींचे तुकडे, हंस, नंदी ओळीने मांडून ठेवलेत. लग्नघर उठून गेल्यावर मांडवाचे खांब तेवढे राहावेत तसं.

इथेच गणपतिदेवाची गोष्ट सांगायला हवी, कारण तिचा उगम पुन्हा आपल्याकडे आहे. काकतीय रुद्रदेव हा पराक्रमी राजा, त्याने चालुक्यांचं मांडलिकत्व झुगारलं. त्याला यादव जैतुगीने लढाईत मारलं. हेमाद्री याचंही वर्णन करतो: जैतुगीने रणयज्ञ मांडला आणि तैलंगांच्या रुद्राला पशू करून नरमेध केला. रुद्रदेवानंतर भाऊ महादेव (हा काकतीय, देवगिरीचा नव्हे) गादीवर आला, तोही दोन-तीन वर्षांत गेला. या महादेवाचा मुलगा गणपती तेव्हा यादवांच्या कैदेत होता. पुढे यादवांनीच त्याला सोडलं आणि ११९९ च्या सुमाराला तो गादीवर बसला. त्याने साठ वर्षांहून जास्त राज्य केलं. समुद्रापर्यंत मुलूख नेला, मोटुपल्ली बंदरात परदेशी व्यापाऱ्यांना अभय देणारा लेख कोरवला. आणि त्याला मुलगा झाला नाही.

मुली होत्या. गणपांबेला त्याने धरणिकोटेच्या कोट घराण्यात दिलं; नवऱ्यामागे तिथला कारभार तिने पाहिला. दुसरी रुद्रमा. तिचं लग्न निडदवोलूच्या चालुक्य वीरभद्राशी झालं, पण गादीवर तो नाही, ती. १२६० च्या आसपास बापाबरोबर तिचंही नाव राज्यकर्ती म्हणून येऊ लागतं आणि बहुतेक लेखांत ते पुरुषी असतं: रुद्रदेव महाराज. ज्या रुद्राचा यादवांनी नरमेध केला, त्या चुलतआजोबाचं नाव. हा योगायोग की हिशेब, कोण जाणे. पण देवगिरीच्या दफ्तरात हे नाव पुन्हा लिहिताना कुणाच्या तरी कपाळावर आठी पडली असणार.

नाव पुरुषाचं घेतलं म्हणून सगळे गप्प बसले असं नाही. 'प्रतापचरित्र' हरिहर आणि मुरारी या दोन सावत्र भावांचं बंड सांगतं. त्याला त्या काळच्या लेखांचा आधार नाही, पण बंडं झाली यात शंका नाही. दक्षिणेत पांड्यांनी मुलूख घेतला, किनाऱ्यावर कलिंगाचे गंग सरकले, आणि घरचे सामंत चुळबुळले. रेचर्ल प्रसादित्य नावाच्या एका सरदाराला वंशावळीत 'काकतीयराज्यस्थापनाचार्य' असं बिरुद आहे. राज्याची स्थापना करणारा! अशी पदवी कुणाला देतात? राज्य एकदा हलल्याशिवाय, ते पुन्हा बसवल्याबद्दल?

हे सगळं मी तोरणाखाली उभी राहून सांगत होते. नवरा तुळईचं वजन किती असेल याचा हिशेब करत होता. आत्या ऐकत होती असं वाटलं, पण ती एकदम म्हणाली, "अगं, इकडं ये. ही बघ."

एका शिल्पात सिंहावर बसलेली बाई. हातात शस्त्र आणि ढाल. तिथल्या मार्गदर्शकाने लगेच सांगितलं, हीच रुद्रमादेवी. स्वयंभू देवळात तिने मंडप बांधला, तिथली ही मूर्ती. सोबत सोंडेत कमळ धरलेला हत्तीही कोरलाय. रायगजकेसरी हे बिरुद अक्षरांऐवजी दगडात.

आत्या बराच वेळ बघत राहिली. "ही तर देवीच दिसते," म्हणाली.

मला ते पटलं, आणि मार्गदर्शकाचंही पटलं. केसरी हे बिरुद तिच्या बापाचंही होतं. तो स्वतःच सिंह. लेकीच्या वाट्याला बिरुद आलं तेव्हा शिल्पकाराने तिला सिंह केलं नाही, सिंहावर बसवलं. बाई सिंहावर बसली की बघणाऱ्याला आपोआप हात जोडावेसे वाटतात, तिच्या हक्काचा पुरावा मग कुणी मागत नाही. लेखात पुरुष व्हायचं आणि मंडपात देवी. नुसती गणपतीची मुलगी म्हणून उभं राहायला मधे जागाच ठेवली नव्हती.

दुपारी हनमकोंड्याला हजारखांबी देऊळ. रुद्रदेवाचं, ११६३ चा लेख. शिव, विष्णू, सूर्य अशी तीन गर्भगृहं. काळ्या दगडाचा नंदी इतका घोटलेला की आत्याने त्यात पदर नीट केला. खांब हजार आहेत का, ते एका पोराने मोजायला घेतलं होतं. दोनशेच्या आत त्याच्या आईने त्याला ओढत नेलं.

संध्याकाळी बाजारात साकिनालू घेतले. तांदळाच्या पिठात तीळ-ओवा घालून हाताने वळलेली कडी, चकलीची नात्यातली बहीण. संक्रांत आली की इथे घरोघरी होतात. "आपल्या चकलीला हातानं वळायचं धाडस कोण करतंय," आत्याचा शेरा.

रात्री लॉजवर मी तिला मार्को पोलोचं सांगितलं. हा व्हेनिसचा व्यापारी तेराव्या शतकाच्या अखेरीला भारताच्या किनाऱ्यावरून गेला. मोटुपल्लीच्या राज्याबद्दल तो लिहितो: इथला राजा चाळीस वर्षांपूर्वी वारला, तेव्हापासून राणी राज्य करते, शहाणी आहे, न्यायाने वागते, आणि नवऱ्यावरच्या प्रेमाखातर तिने दुसरं लग्न केलं नाही. हिऱ्यांचं आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या तलम कापडाचंही वर्णन करतो. सगळं कौतुकाचं, पण नातं चुकलं. मुलीची विधवा करून टाकली. बरीच वर्षं इतिहासकारही तिला गणपतीची राणीच समजत होते, शिलालेख नीट वाचले गेले तेव्हा ती लेक ठरली.

"म्हणजे," आत्या पांघरूण ओढत म्हणाली, "एक म्हणतो भिऊन बसवली, दुसरा म्हणतो नवरा मेला म्हणून बसली. बापानं दिली म्हणून बसली, हे कुणाच्याच डोक्यात येईना?"

दिवस पाचवा : रामप्पा

पालमपेटचं रामप्पा देऊळ. हा दिवस नवऱ्याचा. वाळू भरलेल्या खड्ड्यावर पाया, शिखराच्या विटा पाण्यावर तरंगतील इतक्या हलक्या, हे त्याने आम्हाला दोनदा समजावून सांगितलं. १२१३ चं बांधकाम, २०२१ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं. कोनात तिरप्या उभ्या काळ्या दगडाच्या मदनिका बघताना मान अवघडते. एकीच्या पायात उंच टाचेची पादत्राणं आहेत, ती दाखवायला प्रत्येक मार्गदर्शक थांबतो.

मला एकच नोंद करायची आहे. हे देऊळ बांधणारा रेचर्ल रुद्र हा काकतीयांचा सेनापती. गणपती यादवांच्या कैदेत असताना गादी रिकामी होती, तेव्हा यानेच राज्य धरून ठेवलं आणि मुलगा सुटून आल्यावर त्याच्या हाती दिलं. म्हणजे कैदेतून आलेल्या, शत्रूने सोडलेल्या पोराचा हक्क मानायला सरदार तयार होते. बापाशेजारी बसून राज्य शिकलेल्या लेकीचा मानताना मात्र काहींना जड गेलं.

सगळ्यात जड गेलं कायस्थ अंबदेवाला. हे कायस्थ म्हणजे कडप्पा-त्रिपुरांतकम् भागातले सामंत. त्याचा थोरला भाऊ जन्निगदेव राणीशी इमानाने राहिला. धाकटा अंबदेव मात्र आजूबाजूच्यांना हरवत स्वतंत्र झाला. त्रिपुरांतकम्‌च्या १२९० च्या लेखात त्याने आपल्या विजयांची लांबलचक यादी कोरून घेतली आहे, आणि त्यात काकतीयांचं स्वामित्व कुठे नाही.

तळ्याकाठी जेवलो. माकडांनी एक साकिनालूचा पुडा नेला. अख्खा.

दिवस सहावा : चंदुपट्ला

वरंगळहून सूर्यापेटकडे उतरलो आणि हैदराबाद-विजयवाडा हमरस्त्यावरून नकिरेकलला वळलो. भातखाचरात रोपं नुकतीच लावलेली, बांधावर ताडाची झाडं, ताडीची मडकी. चंदुपट्ला साधं गाव. आत्याने काच खाली करून पहिल्याच माणसाला विचारलं, त्याने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसरा मोटरसायकल काढून आमच्यापुढे निघाला.

उभा दगड, त्यावर अक्षरांच्या ओळी. काही ठिकाणी झिजलेल्या, काही ठिकाणी चुना बसलेला. आत्याला आजची तेलुगू वाचता येते, सातशे वर्षांपूर्वीची नाही. तरी तिने चष्मा काढून, पुसून, परत घातला आणि बोट लावत बसली. दोन-तीन अक्षरं ओळखीची वाटली, मग सोडून दिलं.

मजकूर मला ठाऊक होता. तारीख २७ नोव्हेंबर १२८९. कोरवणारा पुव्वुल मुम्मडी. राजा नाही, सामंत नाही. सेनापती मल्लिकार्जुन नायकाच्या पदरचा शिपाई. काकति रुद्रमादेवी आणि मल्लिकार्जुन नायक शिवलोकी गेले, त्यांना पुण्य लाभावं म्हणून त्याने सोमनाथ देवाला जमीन दिली. इतकंच.

"पुव्वुलु म्हणजे फुलं गं," आत्या म्हणाली. "फुलांचा मुम्मडी."

हा दगड गेल्या शतकाच्या उत्तरार्धात उजेडात आला, तोवर राणी कधी गेली याचाच पत्ता नव्हता. नवऱ्याने विचारलं, मेली कशी? दगड ते सांगत नाही. पण राणी आणि तिचा सेनापती यांना एका दमात शिवलोकी पाठवलंय, आणि त्या दिवसांत तिचं सैन्य अंबदेवाशी झुंजत होतं. त्यामुळे दोघं त्या मोहिमेतच पडले असं बहुतेक अभ्यासक धरतात. तेव्हा तिने सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं राज्य केलेलं होतं, आणि गादीसाठी तिने निवडलेला नातू, मुम्मडम्मा या लेकीचा मुलगा प्रतापरुद्र, तयार होता. पुन्हा लेकीकडूनच. अंबदेवाचा बंदोबस्त पुढे त्याने केला.

मी त्या दगडाजवळ जरा जास्तच वेळ उभी राहिले. हेमाद्रीने तिला सोडून दिलेली बाई म्हटलं. पोलोने विधवा म्हटलं. तिच्याच दरबाराने रुद्रदेव महाराज म्हटलं. या शिपायाला कशाचीच गरज वाटलेली दिसत नाही. त्याने सरळ रुद्रमादेवी लिहिलं, तिच्याशेजारी आपल्या साहेबाचं नाव लिहिलं, आणि असेल नसेल त्यातली जमीन देवाला लावून दिली.

मोटरसायकलवाल्याने आत्याला विचारलं, कुठून आलात. तिने काहीतरी सांगितलं, तो जोरात हसला. गाडीत बसल्यावर मी विचारलं, काय म्हणालीस?

"म्हणलं, देवगिरीहून आलो. ह्या वेळेला हत्ती न्यायला आलो नाही."

हैदराबाद ओलांडून कामारेड्डीपर्यंत ती झोपली. निजामाबादच्या पुढे जाग आली तेव्हा अंधार पडला होता. "बासरला सरस्वतीला थांबायचं का?" नवऱ्याने विचारलं. "नको," ती म्हणाली, "देऊळ बंद झालं असंल. आणि घरी दूध सांगितलंय." रात्री साडेनऊला आम्ही तिला धर्माबादला उतरवलं. उरलेला साकिनालूचा पुडा तिने पिशवीत घातला होता, ते आम्हाला दुसऱ्या दिवशी घरी पोचल्यावर कळलं.